गुणोत्तराचं गणित अडलं की आधी पट्टी काढा

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सातवीत आहे. '३ : ५ या गुणोत्तरात वाटणी करा' असं सरळ उदाहरण ती चटकन सोडवते. पण तेच शब्द जरा फिरवले की अडखळते आणि समोर दिसतील त्या आकड्यांचा गुणाकार-भागाकार करून मोकळी होते. पट्ट्यांच्या आकृत्या काढून ही गणितं सुटतात असं ऐकलंय. त्यात खरंच काही तथ्य आहे का? आणि परीक्षेबाहेर, रोजच्या हिशोबात त्याचा उपयोग होतो का?

दोन्हींचं उत्तर हो असं आहे. गेली बावीस वर्षं मी पाचवी ते आठवीच्या मुलांना गणित शिकवतोय आणि शाब्दिक उदाहरणांत अडलेल्या मुलांसाठी याहून भरवशाचं साधन मला अजून सापडलेलं नाही. मात्र पट्टी काढली की गणित आपोआप सुटतं, असा समज करून घेऊ नका. पट्टी फक्त एकच काम करते, पण ते नेमकं अडलेलं काम असतं: दिलेला आकडा कशाचा आहे हे ठरवणं.

आधी एक गल्लत दूर करतो. पट्टी-आकृती म्हणजे स्तंभालेख नव्हे. स्तंभालेखात आकडे आधीच हातात असतात, ते फक्त दाखवायचे असतात. इथं आकडा माहीत नसतो, म्हणूनच तर पट्टी काढायची. आडवी पट्टी, तिचे सारखे खाने, आणि एका खान्यात किती मावतं हे शोधायचं, एवढंच.

उदाहरण घेऊ. निळा आणि पांढरा रंग ३ : ५ या प्रमाणात मिसळून फिकट निळा तयार करायचा आहे.

निळा : □□□
पांढरा : □□□□□

आता हे तीन प्रश्न बघा. तयार रंग एकूण ४० लिटर हवा आहे, तर निळा किती घ्यायचा? पांढरा रंग ४० लिटर आहे, तो सगळा वापरायचा तर निळा किती लागेल? पांढरा रंग निळ्यापेक्षा ४० लिटर जास्त लागला, तर निळा किती लागला होता?

गुणोत्तर तेच, आकडा तोच, विचारलेली गोष्टही तीच. वर्गात हे तीन प्रश्न एकाखाली एक लिहिले की निम्मी मुलं तिन्हींना ३ + ५ = ८, ४० ÷ ८ = ५, म्हणून निळा १५ लिटर, असं एकच उत्तर देतात. तुमच्या मुलीचंही बहुधा हेच होत असणार. तिनं रीत पाठ केली आहे, 'बेरीज करा, भागा, गुणा', आणि ती रीत फक्त पहिल्या प्रश्नाची आहे.

पट्टीवर मात्र ते ४० कुठेतरी लिहावे लागतात, आणि कुठे लिहायचे हे ठरवताना प्रश्न पुन्हा वाचावा लागतो. पहिल्या प्रश्नात दोन्ही पट्ट्यांना मिळून एक मोठा महिरपी कंस काढून त्याच्यापुढे ४० लिहायचे. आठ खाने म्हणजे ४०, एक खाना ५, निळा १५. दुसऱ्यात ४० फक्त खालच्या पट्टीवर बसतात. पाच खाने म्हणजे ४०, एक खाना ८, निळा २४. तिसऱ्यात खालची पट्टी वरच्यापेक्षा जेवढी पुढे आली आहे त्या दोन खान्यांवरच ४० येतात. एक खाना २०, निळा ६० लिटर. पंधरा, चोवीस आणि साठ. तीन उत्तरांत केवढा फरक, आणि तो फक्त चाळीसच्या जागेमुळे!

म्हणून मी मुलांना 'उत्तर किती आलं?' असं विचारतच नाही. 'चाळीस कुठे लिहिलेस?' एवढंच विचारतो. जागा बरोबर असेल तर पुढचा भागाकार कुणीही करतो.

(निळा रंगच ४० लिटर असेल तर? तीन खाने म्हणजे ४०, एक खाना १३ पूर्णांक १/३. मुलं इथं थबकतात, 'सर, भागच जात नाही' म्हणतात. खाना पूर्णांकच असला पाहिजे असा काही नियम नाही. असं एखादं उदाहरण मुद्दाम द्यावं, नाहीतर 'भाग जातो म्हणजे रीत बरोबर' अशी खोटी कसोटी मुलांच्या मनात पक्की होते.)

हा काही नवा शोध आहे असंही समजू नका. गुणोत्तराच्या राशी रेषाखंडांनी दाखवायची पद्धत युक्लिडच्या काळापासून आहे. शाळेतल्या शाब्दिक उदाहरणांसाठी तिची शिस्तशीर पद्धत बसवली ती सिंगापूरच्या शिक्षण खात्यानं, १९८० च्या दशकात. जपानी शाळांत फितीच्या आकृत्या काढतात, आणि अमेरिकेत २०१० मध्ये आलेल्या समान अभ्यासक्रमात सहावीच्या गुणोत्तराच्या भागात या आकृत्यांचा नावानिशी उल्लेख आहे. आपल्याकडे त्रैराशिक, म्हणजे तीन माहीत आकड्यांवरून चौथा काढायची रीत, या शालेय आकृत्यांहून कितीतरी जुनी. आर्यभटानं इ. स. ४९९ मध्ये तो नियम एका श्लोकात बसवला: फलराशीला इच्छाराशीनं गुणा आणि प्रमाणराशीनं भागा. नियम अचूक आहे. पण कुठल्या आकड्याला प्रमाण म्हणायचं आणि कुठल्याला इच्छा, हे गणित वाचणाऱ्यानंच ओळखायचं असतं. आजच्या तिरकस गुणाकाराचंही तेच. मूल हुकतं ते या ओळखण्यात. गुणाकार त्याला येतच असतो.

आता रोजच्या हिशोबाकडे येतो. फरशी पुसायच्या द्रावणाच्या बाटलीवर '१ : ४ प्रमाणात पातळ करा' असं लिहिलेलं असतं. तुमच्याकडे ७५० मिलिलिटरची रिकामी बाटली आहे. तिच्यात मूळ द्रावण किती ओतायचं? मोठी, शिकलेली माणसंही '१ : ४ म्हणजे एक चतुर्थांश' असं म्हणून १८७ मिलिलिटरच्या आसपास ओततात. पट्टी काढा:

द्रावण : □
पाणी : □□□□

बाटलीत दोन्ही जाणार, म्हणजे ७५० हे पाचही खान्यांचे. एक खाना १५०. द्रावण १५० मिलिलिटर, पाणी ६००. एक चतुर्थांश हे पाण्याच्या मानानं आहे, बाटलीच्या मानानं एक पंचमांश. गुणोत्तर भागाची तुलना भागाशी करतं आणि अपूर्णांक बहुतेक वेळा भागाची तुलना सगळ्याशी. या दोहोंची सरमिसळ हे माझ्या अनुभवात सातवी-आठवीतल्या चुकांचं सगळ्यात मोठं कारण आहे, आणि मोठेपणीही ते सुटत नाही. पट्टीसमोर ही सरमिसळ टिकत नाही, कारण खाने मोजताच येतात. बाटलीवर '१ : ४' ऐवजी 'पाच भागांत एक भाग' असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थही तोच होतो, हेही पट्टीवरून लगेच कळतं.

दुसरी सर्रास होणारी चूक म्हणजे गुणण्याच्या जागी मिळवणं. ४ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर उंच चित्र मोठं करायचं आहे. रुंदी ६ केली तर उंची किती? कितीतरी मुलं ८ सांगतात. 'रुंदी दोननं वाढली, म्हणून उंचीही दोननं.' ऐकायला पटतं. नुसतं 'चूक' म्हटल्यानं हा समज जात नाही, म्हणून पट्टीवर दाखवावं लागतं. रुंदी दोन खाने, उंची तीन खाने. आधी एक खाना २ सेंटिमीटरचा होता. चित्र मोठं झालं म्हणजे खान्यांची संख्या बदलली नाही, खाना ताणला गेला. रुंदीचे दोन खाने आता ६ सेंटिमीटर, म्हणून खाना ३ चा, उंची ९. 'खाना ताणला जातो' हे वाक्य मुलांना लगेच समजतं. मी फळ्यावर दोन्ही हातांनी पट्टी ओढल्यासारखं करतो. एका मुलीनं मग केसांना लावायचं रबर काढून त्यावर पेनानं खुणा केल्या आणि ते ताणून शेजारणीला दाखवलं. त्या वर्गात समप्रमाण शिकवायचं माझं निम्मं काम तिनंच केलं.

आता खरा कस लागतो त्या गणितांकडे वळतो: ज्यात गुणोत्तर मध्येच बदलतं. 'आधी ७ : ५ होतं, मग अमुक झालं, आता १ : २ आहे.' इथं मुलं हात टेकतात, कारण आधीचा खाना आणि नंतरचा खाना सारखाच असेल याची खात्री नसते. यावर माझा एकच प्रश्न असतो: या सगळ्यात काय बदललं नाही?

दोन कपाटांत पुस्तकं आहेत, ७ : ५ या गुणोत्तरात. पहिल्यातून १५ पुस्तकं काढून दुसऱ्यात ठेवली तर गुणोत्तर १ : २ होतं. पुस्तकं इकडची तिकडे झाली, एकूण संख्या तीच राहिली. आधी एकूण १२ खाने, नंतर ३. मग नंतरच्या प्रत्येक खान्याचे चार-चार तुकडे करा, १ : २ चं ४ : ८ होईल. आता दोन्ही वेळी एकूण १२ आणि खाना दोन्हीकडे एकाच मापाचा. पहिलं कपाट ७ वरून ४ वर आलं. तीन खाने म्हणजे १५, खाना ५. सुरुवातीला ३५ आणि २५ पुस्तकं, नंतर २० आणि ४०. झालं.

वर्गात मुलगे आणि मुली ४ : ३, मग तीन मुली नव्यानं आल्या आणि गुणोत्तर ६ : ५ झालं. इथं एकूणही बदललं आणि फरकही, पण मुलगे होते तेवढेच राहिले. तेव्हा मुलग्यांची पट्टी दोन्हीकडे सारख्या खान्यांची करा. ४ आणि ६ चा लसावि १२. आधी १२ : ९, नंतर १२ : १०. एक खाना वाढला, तोच ३ मुलींचा. मुलगे ३६, मुली २७ होत्या त्या ३० झाल्या.

तिसरा प्रकार वयांचा, आणि यावर मी जरा जास्त वेळ घालवतो, कारण त्यात पट्टी आणि बीजगणित यांची भेट होते. आई आणि मुलगी यांच्या वयांचं गुणोत्तर आज ७ : २ आहे. १८ वर्षांनी ते २ : १ होईल. आजची वयं किती?

काय बदलणार नाही? दोघींचंही वय वाढणार, एकूणही वाढणार. पण त्यांच्यातलं अंतर जन्मभर तेवढंच राहणार. आज ते अंतर ७ वजा २, म्हणजे ५ खाने. १८ वर्षांनी २ वजा १, म्हणजे १ खाना. नंतरचा एक खाना म्हणजे आजचे पाच खाने! तो पाचात मोडला की २ : १ चं १० : ५ होतं.

आज आई : □□□□□□□
आज मुलगी : □□
नंतर आई : □□□□□□□□□□
नंतर मुलगी : □□□□□

आईची पट्टी सातावरून दहावर गेली, मुलीची दोनावरून पाचावर. दोघींचे तीन-तीन खाने वाढले, आणि ते वाढायलाच हवेत, कारण दोघींची वर्षं सारखीच वाढली. तीन खाने म्हणजे १८ वर्षं, एक खाना ६. आई ४२ वर्षांची, मुलगी १२. अठरा वर्षांनी ६० आणि ३०.

आता हेच समीकरणानं करू. एका खान्याला क्ष म्हणा. आई ७क्ष, मुलगी २क्ष. ७क्ष + १८ = २(२क्ष + १८). कंस सोडवला की ७क्ष + १८ = ४क्ष + ३६, म्हणजे ३क्ष = १८. ही शेवटची ओळ आणि आपले 'तीन खाने म्हणजे १८' ही एकच गोष्ट आहे. आठवीत ज्या मुलांना क्ष म्हणजे आभाळातून पडलेलं अक्षर वाटतं, त्यांच्यापुढे ही दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी लिहून बघा. क्ष म्हणजे आपला खानाच, हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यासाठी मी अजूनही हा तास आवडीनं घेतो. पट्टी शिकल्यानं बीजगणित मागे पडेल अशी शंका काही पालकांना असते. मला तर उलटाच अनुभव आहे. क्ष कुठे घ्यायचा हे ज्याला कळत नाही, त्याला ते पट्टीवर आधी दिसतं.

टक्क्यांनाही हीच पट्टी चालते, फक्त तिच्या दोन बाजूंना दोन मापं लिहायची. वर टक्के, खाली प्रत्यक्ष संख्या. टाकीतलं २० टक्के पाणी वापरलं आणि ४८० लिटर उरलं, तर आधी किती होतं? घाईत ४८० चे २० टक्के काढून मिळवले जातात आणि उत्तर ५७६ येतं. पट्टीचे पाच खाने करा, प्रत्येक २० टक्क्यांचा. एक खाना खोडा. उरलेल्या चारांवर ४८० बसतात, खाना १२०, आधीचं पाणी ६०० लिटर. याच आकृतीवरून आणखी एक गोष्ट कळते, जी मोठ्यांनाही चकवते. वीस टक्के कमी झालेलं पूर्ववत करायला वीस नव्हे, पंचवीस टक्के वाढवावे लागतात. खोडलेला खाना परत आणायचा तर तो आता उरलेल्या चारांपैकी एका खान्याएवढा असतो. टक्के तेव्हा पाच खान्यांचे होते, आता चारांचे आहेत.

तीन राशींची गुणोत्तरं जोडणं, म्हणजे अ : ब २ : ३ आणि ब : क ४ : ५, हे आतापर्यंतचं समजलं असेल तर वेगळं शिकवावंच लागत नाही. ब ची पट्टी दोन्हीकडे आहे, तिचे बारा खाने करा, बाकीचं मागोमाग येतं: ८ : १२ : १५.

पट्टी कुठे चालत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं पाहिजे, कारण एकदा हातात आली की मुलं ती सगळीकडे लावतात. दोघी जणी एकाच वेगानं मैदानाला फेऱ्या मारतायत, पण एक आधी निघाली. तिच्या ८ फेऱ्या झाल्या तेव्हा दुसरीच्या ४ झाल्या होत्या. दुसरीच्या १२ होतील तेव्हा पहिलीच्या किती? 'दुप्पट, म्हणून २४' हे उत्तर अगदी हुशार मुलांकडूनही येतं. वेग सारखा आहे, म्हणजे अंतर तेच राहणार, चार फेऱ्यांचं. उत्तर १६. इथं गुणोत्तर नाहीच. मात्र खाने न पाडता नुसत्या दोन पट्ट्या काढल्या तर हेही उमगतं: दोन्ही पट्ट्या सारख्याच पुढे सरकतात, ताणली कुठलीच जात नाही. म्हणून खाने पाडण्याआधी 'ताणलं जातंय की सरकतंय?' हा प्रश्न विचारायची सवय लावा.

व्यस्त प्रमाणालाही ही आकृती जशीच्या तशी लागू पडत नाही. ६ जणांना १० दिवस लागतात, तर ४ जणांना किती? इथं पट्टीऐवजी आयत काढावा, सहा ओळी आणि दहा रकाने. साठ चौकोन म्हणजे सगळं काम. तेच साठ चौकोन चार ओळींत मांडले की रकाने पंधरा. आयताचं क्षेत्रफळ कायम राहतं, हेच व्यस्त प्रमाणाचं चित्र. क्षेत्रफळाचा विषय निघालाच आहे तर चित्राचंच बघा: बाजू दुप्पट केल्या की कागद चौपट लागतो. म्हणून लांबीची पट्टी क्षेत्रफळाला लावू नये.

आणि एक अडचण गणिताची नाही, वस्तूंची आहे. काँक्रीट १ : २ : ४ म्हणजे एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी. कागदावर एकूण सात भाग. पण प्रत्यक्षात खडीच्या फटींत वाळू जाऊन बसते, वाळूच्या फटींत सिमेंट, आणि सात घमेली माल कालवून सात घमेली काँक्रीट मिळत नाही. एक घनमीटर ओल्या काँक्रीटसाठी कोरडा माल साधारण दीड घनमीटर किंवा किंचित जास्त धरतात. तेव्हा एका भागाचं दुसऱ्या भागाशी असलेलं नातं पट्टी बरोबर सांगते, पण 'एकूण' म्हणून मिळालेला आकडा कोरड्या मालाचा आहे की तयार मालाचा, हे आधी बघावं लागतं. वजनात मोजलं तर बेरीज जुळते, आकारमानात जुळेलच असं नाही.

घरी सुरू करताना काय सांभाळायचं? सगळ्यात मोठी चूक एका मुलीच्या वहीत दिसली होती, ती सांगतो. गुणोत्तर ३ : ५. तिनं दोन सुबक, अगदी सारख्या लांबीच्या पट्ट्या काढल्या होत्या. वरच्या पट्टीचे तीन खाने केले, खालच्या पट्टीचे पाच. रंग भरले, नावं घातली, उत्तर मात्र येईना. मी वरच्या पहिल्या खान्यावर एक बोट ठेवलं आणि खालच्या पहिल्या खान्यावर दुसरं, आणि विचारलं, 'हे दोन्ही सारखेच ना?' ती बघत राहिली, मग म्हणाली, 'नाही, वरचा मोठा आहे.' तिनं स्वतःच पट्टी खोडली. खाना सगळीकडे एकाच मापाचा, पट्टी लांब-आखूड झाली तरी चालेल, हे तिला त्यानंतर कधी सांगावं लागलं नाही. तुम्हीही असंच बोट ठेवून विचारा, चूक आपण दाखवू नका.

मोजपट्टी वापरू देऊ नका. हातानं, चौकटीच्या वहीवर, डावी कड जुळवून काढलेली वाकडी-तिकडी पट्टी पुरते. काही मुलं आखण्यात आणि रंगवण्यात दहा मिनिटं घालवतात आणि गणित राहून जातं. पट्टी काढल्यावर तिच्यावर तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: प्रत्येक पट्टी कशाची आहे ते नाव, दिलेला आकडा कंस करून त्याच्या जागी, आणि विचारलेल्या जागी प्रश्नचिन्ह. गुणोत्तर १७ : २३ असेल तर चाळीस खाने पाडत बसायचं नाही. लांब पट्टीत '१७ भाग' आणि '२३ भाग' असं लिहिलं की झालं. आणि उत्तर आधी काढून मागाहून गुण मिळवण्यासाठी पट्टी काढायची सवय लागू देऊ नका, तशी पट्टी निरुपयोगी असते. शाळेत पट्टीचीच सक्ती असेल आणि मूल पट्टीशिवाय बरोबर उत्तर देत असेल, तर माझ्या मते त्याला पट्टीतून मोकळं करावं. सोप्या उदाहरणांत ती सुटून जावी आणि अवघड उदाहरणात आपणहून परत यावी, इतपतच ती हवी.

किती दिवस करून घ्यायचं? रोज दोन उदाहरणं, साधारण तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात उत्तर काढूच देऊ नका. फक्त पट्टी काढायची, आकडा आणि प्रश्नचिन्ह जागेवर बसवायचं आणि वही मिटायची. मुलांना हे आधी विचित्र वाटतं, पण घाईनं भागाकाराकडे धावायची सवय यानंच मोडते. दुसऱ्या आठवड्यात उत्तरं. तिसऱ्या आठवड्यात खेळ उलटा करा: तुम्ही कोऱ्या कागदावर दोन पट्ट्या काढून द्या, चार खान्यांची आणि सात खान्यांची, आणि कुठेतरी ६६ लिहा. तिनं त्याचं उदाहरण तयार करायचं. ६६ दोन्हींना मिळून लिहिले तर एक गोष्ट होते, फक्त पुढे आलेल्या तीन खान्यांवर लिहिले तर दुसरी. गेल्या वर्षी अशाच एका तासाला एका मुलानं ६६ चार खान्यांच्या पट्टीवर लिहिले आणि उदाहरण केलं दोन दोऱ्यांचं. मग स्वतःच्याच उदाहरणाचं उत्तर काढताना त्याचा खाना साडेसोळाचा आला. क्षणभर माझ्याकडे बघितलं, खाने पुन्हा मोजले आणि खालच्या पट्टीसमोर ११५.५ सेंटिमीटर लिहून टाकलं.